मातुश्री राधाबाईंची काशीयात्रा

माझी आजी काशीयात्रा करून आली तेव्हां मी सात-आठ वर्षांचा होतों. घरीं मावंदें झालें, गंगेच्या लोट्यांची पूजा झाली, आळींतल्या बायका तिच्या पायां पडून गेल्या. पुढें कित्येक वर्षें ती त्या यात्रेच्या गोष्टी सांगत असे. त्या गोष्टींत विश्वेश्वर थोडा आणि माणसें फार असत. आगगाडीच्या फलाटावर कोणीं पाणी दिलें, प्रयागच्या नावाड्यानें किती पैसे उकळले, गयेच्या पंड्यानें आमच्या खापरपणजोबांचें नांव वहींतून कसें काढून दाखविलें, हेंच तिच्या आठवणींचें भांडार होतें. देवाचें दर्शन काय, तें सगळ्यांनाच सारखें घडतें. वाटेंत भेटलेलीं माणसें मात्र ज्याचीं त्याला, असें ती म्हणे. लहानपणीं हें बोलणें नुसतें गमतीचें वाटे. आतां तें तसें वाटत नाहीं.

पुढें इतिहासाचा अभ्यास हाच व्यवसाय झाला, आणि एका जुन्या काशीयात्रेचे कागद वाचण्याचा योग आला. ही यात्रा थोरल्या बाजीरावाच्या मातुश्री राधाबाई यांची. १४ फेब्रुवारी १७३५ रोजीं त्या पुण्याहून निघाल्या आणि सुमारें सोळा महिन्यांनीं, १७३६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, परत आल्या. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. या यात्रेसंबंधींचा पत्रव्यवहार त्यांतून आपणांस पाहावयास मिळतो. इतिहासकारांनीं त्याचा उपयोग केला नाहीं असें नाहीं. परंतु बाजीरावाच्या उत्तरेकडील राजकारणाची प्रस्तावना एवढेंच स्थान बहुधा या यात्रेच्या वांट्यास आलें आहे. मला वाटतें, यात्रेकडे यात्रा म्हणूनच एकदां पाहावें. एका मोठ्या कुटुंबानें उष्ण कटिबंधांतील आपल्या या देशांतून केलेला दीर्घ प्रवास म्हणून पाहावें. तसें पाहिलें म्हणजे राजकारण नाहींसें होत नाहीं. उलट तें कोणत्या पायावर उभें होतें हें अधिक स्पष्ट दिसूं लागतें.

राधाबाई या बर्वे घराण्यांतील. सिन्नरजवळ डुबेरें गांवीं त्यांचें माहेर. बाजीरावाचा जन्म तेथेंच १७०० सालीं झाला. त्यांचे पति बाळाजी विश्वनाथ यांनीं १७१९ सालीं दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि मोंगलांच्या कैदेंत वर्षानुवर्षें राहिलेल्या येसूबाईंना त्याच वेळीं स्वदेशीं परत आणलें. दुसऱ्याच वर्षीं, एप्रिल १७२० मध्यें, बाळाजी विश्वनाथ वारले. तेव्हांपासून पेशव्यांच्या घरांतील वडीलपण राधाबाईंकडे होतें. बाजीराव आणि चिमाजी आप्पा हे दोन पुत्र, भिऊबाई व अनुबाई या दोन कन्या. थोरले पुत्र वर्षांतील आठ-नऊ महिने घोड्यावर; घर, नातवंडें, आश्रित, देवधर्म, सोयरीकसंबंध यांचा भार आईवर. शनिवारवाड्याची वास्तुशांति १७३२ च्या जानेवारींत झाली. नव्या वाड्यांत तीन वर्षें काढल्यावर या विधवा मातेनें काशीस जाण्याचें मनांत आणलें. त्या काळच्या कोणत्याही मराठी घरांतील म्हाताऱ्या बाईनें जी इच्छा धरली असती तीच ही इच्छा. भेद इतकाच कीं, हिचा मुलगा बाजीराव होता.

हा भेद लहान नव्हे. नकाशा उघडून राधाबाईंची वाट पाहावी. पुण्याहून खानदेशांतून बुऱ्हाणपूर. तेथें निजामाचा अंमल. नर्मदा उतरून माळवा. त्यावर कागदोपत्रीं बादशहाचें राज्य, प्रत्यक्षांत शिंदे, होळकर, पवार यांचे तळ. पुढें मेवाड व जयपूर हीं रजपुतांचीं राज्यें. नंतर मथुरा-वृंदावन, म्हणजे दिल्लीचें अंगण. दुआबांत फर्रुखाबादेस महंमदखान बंगश. काशीचा मुलूख अयोध्येच्या सादतखानाच्या ताब्यांत, त्याच्या वतीनें मीर रुस्तुम अली कारभार पाही. गया बंगालच्या सुभेदाराच्या अमलांत. यांपैकीं बहुतेकांशीं बाजीरावाचें युद्ध होऊन गेलें होतें, चालूं होतें, किंवा पुढें व्हावयाचें होतें. निजामाला पालखेडास १७२८ त कोंडलें होतें. बंगशाला १७२९ त जैतपुरास असें अडकविलें होतें कीं, छत्रसालाच्या वाटेस पुन्हां जाणार नाहीं असें लिहून देऊन त्याला सुटका करून घ्यावी लागली. अशा शत्रूंच्या दारावरून पेशव्याच्या आईची पालखी जावयाची होती.

वेळ तरी कोणती? राधाबाई पुण्याहून निघाल्या त्याच महिन्यांत बादशहाचा मीर बक्षी खान डौरान हा सवाई जयसिंगासह मोठी फौज घेऊन मराठ्यांना नर्मदेपार घालविण्यासाठीं उतरला होता, आणि रामपुऱ्याच्या बाजूस होळकर-शिंद्यांनीं त्यालाच वेढून टाकलें होतें. २४ मार्च रोजीं कोट्यास बोलणें ठरलें. माळव्याच्या चौथाईबद्दल सालीना २२ लाख रुपये देण्याचें खान डौरानानें कबूल केलें. मातुश्री त्या सुमारास बुऱ्हाणपुराहून पुढें सरकत होत्या. ज्या प्रदेशांतून वाट, त्याच प्रदेशांत दोन फौजा समोरासमोर! आजच्या घरांत एवढी वार्ता आली असती तर आपण आईला तिकीट रद्द करावयास लावलें असतें.

तरी त्या गेल्या; आणि सुखरूप परत आल्या. हें कसें घडलें? मला या यात्रेचीं तीन साधनें दिसतात: पाऊस, पैसा आणि पत. पाऊस हें साधन कसें, असें कोणी विचारील. पण आपल्या देशांत पावसाचें वेळापत्रक ओळखणें हेंच प्रवासाचें पहिलें साधन आहे.

प्रथम पावसाचें पाहूं. आगगाडीनें आपणांस एक गोष्ट पार विसरावयास लावली आहे. ती ही कीं या देशांत वाटा बारमाही नव्हत्या. रोहिणी-मृग सुरू झाला कीं काळ्या मातीची वाट चिखलाची दलदल होई, ओढ्यांच्या नद्या होत आणि नद्यांचे समुद्र. गाड्या रुतत, बैल बसत, तंबू कुजत, माणसें तापानें पडत. लष्करें छावण्या करून राहत, व्यापारी बाजारपेठेंत राहत, संन्यासी चातुर्मासाचें व्रत घेऊन एका ठिकाणीं बसत. शास्त्रानें जें व्रत सांगितलें आहे तें हवेनें आधींच सक्तीचें करून ठेविलें होतें. उलट पक्षीं वैशाख-ज्येष्ठांत पाण्याचे हाल. दिवसा उन्हांत पालखी उचलणाऱ्या भोयांच्या पायांना फोड येत. म्हणून पहाटे निघावें, उन्हें चढण्यापूर्वीं विहीर-अमराई पाहून मुक्काम करावा, आणि चार-सहा कोसांची मजल झाली म्हणजे देवाचे आभार मानावे, अशी रीत होती.

राधाबाईंच्या प्रवासाच्या तारखा या दृष्टीनें ताडून पाहाव्या. माघाच्या थंडींत प्रस्थान, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यांत बुऱ्हाणपूर, पाणी कमी असतां नर्मदा पार, उज्जयिनीच्या किंचित् उत्तरेकडून कर्कवृत्त जातें, तें ओलांडून मेच्या आरंभीं उदेपूर, तेथून श्रीनाथद्वारा, आणि जूनच्या उत्तरार्धांत, म्हणजे पाऊस येतां येतां, जयपूर. तेथें पावसाळ्याचा मुक्काम. सप्टेंबरांत वाटा वाळूं लागतांच प्रस्थान. मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग करून ऑक्टोबरच्या मध्यास काशी. डिसेंबरअखेर काशीहून गया. मग हिंवाळा-उन्हाळ्यांत परतीची वाट, आणि पुढच्या मृगाच्या आंत पुणें. कोणा पंचांगवाल्यानें आंखून दिल्यासारखा हा प्रवास आहे. त्याला सोळा महिने लागले हें आळशीपणामुळें नव्हे. या देशांत एवढा मोठा फेरा एका कोरड्या हंगामांत होत नसे; मध्यें एक पावसाळा कोठें तरी काढावाच लागे. आणि तो कोठें काढावयाचा, कोणाच्या छपराखालीं, हाच सर्व यात्रेचा मर्माचा प्रश्न होता. तो जयसिंगाच्या राजधानींत काढण्याचें घडलें, याचा अर्थ पुढें पाहूं.

दुसरें साधन पैसा. या मेळ्यांत राधाबाईंच्या बरोबर त्यांचे जांवई, भिऊबाईंचे पति, बारामतीचे आबाजी नाईक जोशी होते. बारामतीकर नाईक हे नांवाजलेले सावकार. बाजीरावाच्या कर्जाच्या वह्यांत त्यांचें नांव ठळक होतें. सासूबाईंची सोबत म्हणून जांवई गेले हें खरें. परंतु सावकारी घरचा जांवई बरोबर असणें म्हणजे हुंडीचें साधन बरोबर असणें, हेंही तितकेंच खरें. सोळा महिने शेंकडों कोस जाणाऱ्या कुटुंबकबिल्यानें रोकड थैल्या वाहून न्याव्या तर त्या राखण्यासच दुसरी फौज हवी. त्यापेक्षां पुण्यास भरणा करावा आणि ठिकठिकाणच्या पेढीवर हुंडी वटवावी, हा मार्ग सोयीचा. भोयांची मजुरी, जनावरांची वैरण, नावाड्यांचें उतारू, जकातनाके, क्षेत्रोपाध्यायांची दक्षिणा, ब्राह्मणभोजनें, दानें, परतीच्या भेटी: यात्रा म्हणजे अखंड खर्च. ज्या बाजीरावाला फौजेचे पगार चुकवितांना सावकारांच्या तगाद्यानें झोंप येत नसे, त्यानें हा खर्च आनंदानें सोसला. काळाची थट्टा पाहा. आबाजी नाईकांचे बंधु बाबूजी नाईक हे बाजीरावाच्या मृत्यूनंतर, १७४० त, पेशवेपदासाठीं राधाबाईंच्या नातवाचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले! कुटुंब, कर्ज आणि कारभार यांची त्या काळीं अशी एकच वीण होती. यात्रेच्या राहुटींतही ती तिन्हीं बरोबरच मुक्कामास असत.

तिसरें साधन पत, आणि हेंच मुख्य. १७ जुलै १७३४ रोजीं मेवाडच्या सरहद्दीवर हुरडा येथें रजपूत राजे एकत्र जमले होते. सवाई जयसिंग, उदेपूरचा नवा महाराणा जगत्‌सिंग, मारवाडचा अभयसिंग, कोट्याचा दुर्जनसाल यांनीं मराठ्यांविरुद्ध एकजुटीनें राहण्याच्या आणाभाका तेथें घेतल्या. त्याला वर्षही पुरें झालें नाहीं तोंच त्याच महाराण्याच्या राजधानींत पेशव्याच्या आईचें स्वागत झालें, आणि त्याच जयसिंगानें तिला पावसाळाभर आपल्या नगरांत ठेवून घेतलें. याला कोणी ढोंग म्हणेल, कोणी भीति म्हणेल. दोन्हींचा अंश त्यांत नसेल असें मी म्हणत नाहीं. पण यजमान निव्वळ भ्यालेला असता तर त्यानें पाहुणीला चार दिवस मेजवानी देऊन हद्दीपार पोंचवून हुश्श केलें असतें. तीन महिने घरांत ठेवून घेण्यास भीतीहून निराळें कांहीं लागतें.

जयसिंगाची दृष्टि लांबची होती. दिल्लीचा डोलारा टिकत नाहीं हें त्यानें ओळखलें होतें. मराठ्यांशीं तडजोड केल्यावांचून माळव्यास शांतता नाहीं असें त्याचें मत बनत चाललें होतें. कोट्याचें बोलणें त्याच्याच मध्यस्थीचें फळ. ज्या पेशव्याशीं आपणांस उद्यां बोलावयाचें आहे त्याची आई आज आपल्या घरीं वडीलधाऱ्या बाईप्रमाणें राहते, यापेक्षां अधिक चांगली प्रस्तावना कोणता वकील करूं शकला असता? पुढें बाजीराव स्वतः उत्तरेकडे निघाला. १७३६ च्या फेब्रुवारींत तो उदेपुरास होता. महाराण्यानें सालीना दीड लाख देण्याचें कबूल केलें. ४ मार्च रोजीं किशनगडजवळ भंभोलाव येथें जयसिंगाची व त्याची भेट झाली. आईच्या पालखीनें जी वाट उन्हाळ्यांत तुडविली होती, त्याच बाजूस मुलाची घोडी आठ-नऊ महिन्यांनीं आली.

राधाबाईंनीं पाहिलेलें जयपूर कसें असेल याची कल्पना करणें मोठें रम्य आहे. शहराचा पाया १७२७ त घातलेला. म्हणजे नगर अवघें आठ वर्षांचें. चौकोनी आंखणी, सरळ रुंद रस्ते, सारख्या उंचीचीं दुकानें. पुण्याच्या वांकड्यातिकड्या पेठांतून आलेल्या माणसांनीं हें पाहून तोंडांत बोट घातलें असेल. जयसिंगाची वेधशाळा त्याच सुमारास आकार घेत होती. १७३४ त त्यानें अश्वमेध केला होता. त्याच्या पदरीं दक्षिणी पंडितांचा राबता असे. मराठी कानांवर ओळखीचे वेदघोष पडत असतील. कोंकणस्थ घरांतील सोंवळ्याच्या बाईला परक्या मुलुखांत पावसाळा काढावयाचा तर याहून सुखाची जागा मिळाली नसती.

या वाटेवरची एक गोष्ट मात्र मनाला चटका लावणारी आहे. नाथद्वाऱ्याचा श्रीनाथजी हा मूळचा मेवाडचा नव्हे, तो गोवर्धनाचा. औरंगजेबाच्या काळीं, १६६९ त, त्याला गाड्यावर घालून पुजारी निघाले आणि वर्षानुवर्षें भटकून १६७२ त मेवाडांत स्थिरावले. वृंदावनचा गोविंददेवही असाच जयपूरच्या राजांच्या आश्रयाला आलेला. राधाबाईंनीं आधीं रजपुतान्यांत देव पाहिले आणि मग मथुरा-वृंदावनांत त्यांचीं सोडलेलीं घरें पाहिलीं. काशींतही तेंच. विश्वेश्वराचें जुनें देऊळ १६६९ त पाडलें गेलें होतें. आज आपण ज्या मंदिरांत जातों तें अहिल्याबाई होळकरांनीं १७८० च्या सुमारास बांधविलें. गयेचें विष्णुपदाचें देऊळही त्यांचेंच. १७३५ त अहिल्याबाई दहा वर्षांच्या होत्या! म्हणजे आपण जी काशी पाहतों ती राधाबाईंनीं पाहिलीच नाहीं. त्यांनीं पाहिली ती मोडलेली आणि पुन्हां उभी राहूं पाहणारी काशी. मणिकर्णिका व दशाश्वमेध येथें बाजीरावाच्या आश्रयानें घाटांचें काम त्याच सुमारास चाललें होतें. नारायण दीक्षित पाटणकरांसारखे पेशव्यांना पूज्य असलेले महाराष्ट्रीय सत्पुरुष तेथें राहत होते. गंगेवर आज जे मराठी घाट दिसतात त्यांचा आरंभ या पिढीचा आहे.

मथुरेकडून प्रयागाकडे जातांना बंगशाचा मुलूख लागे. सहा वर्षांपूर्वीं जैतपुरास उपाशी मरावयाची पाळी ज्यानें आणली, त्याची आई आपल्या हद्दींतून जाते आहे. बंगशाला सूड घ्यावयाचा असता तर याहून सोपी संधि कोणती? त्यानें आदरसत्कार केला, आणि वाटेच्या रक्षणासाठीं आपले स्वार दिले. येथें पतीचा प्रश्न निव्वळ मराठ्यांच्या तलवारीचा राहत नाहीं. शत्रूच्या आईला हात लावूं नये, यात्रेकरूला अडवूं नये, ही मर्यादा या देशांतील हिंदु-मुसलमान दोघांही सरदारांच्या अंगीं अद्यापि शिल्लक होती. राज्यें मोडत होतीं, बादशाही खिळखिळी झाली होती, कोणाचा शब्द कोणास पटत नव्हता; तरी एक शब्द सर्वांना पटत होता. राधाबाईंच्या यात्रेंतून अठराव्या शतकाविषयीं मला शिकावयास मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

परतीची वाट बुंदेलखंडांतून होती. छत्रसाल १७३१ अखेर वारला होता. त्याच्या पुत्रांशीं बाजीरावाचें भावाचें नातें ठरलेलें, आणि राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्याकडे आलेला. शत्रूंच्या आदरसत्कारांतून निघून आप्तांच्या मुलुखांत शिरल्यावर त्या मेळ्यांतील माणसांनीं सुटकेचा श्वास सोडला असेल. इकडे कोंकणांत धाकटे पुत्र चिमाजी आप्पा सिद्दीशीं लढत होते. १९ एप्रिल १७३६ रोजीं रेवासजवळ सिद्दी सात मारला गेला. थोरला पुत्र रजपुतान्यांत, धाकटा समुद्रकांठीं, आणि आई गंगाजळाच्या कावडी घेऊन घराच्या वाटेवर: त्या वसंत ऋतूंत पेशव्यांचें कुटुंब असें सर्व हिंदुस्थानभर पसरलें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ही यात्रा राजकारणासाठीं होती काय? मला तसें वाटत नाहीं. राजकारणानें ती सुरक्षित केली, आणि तिनें राजकारणाला वाट करून दिली; पण मूळ इच्छा एका म्हाताऱ्या विधवेची, आणि ती तिची स्वतःची. इतिहासाचे कागद पुरुषांनीं पुरुषांस लिहिलेले. त्यांत मातुश्री अमुक ठिकाणीं पोंचल्या, अमक्यानें बहुमान केला, एवढें मिळतें. नाथद्वाऱ्यास त्यांना काय वाटलें, मणिकर्णिकेवर पंधरा वर्षांपूर्वीं गेलेल्या पतीची आठवण कशी आली, जयपूरच्या पावसांत पुण्यांतल्या नातवंडांसाठीं जीव कासावीस झाला काय, हें त्या कागदांत मिळत नाहीं. माझी आजी जें भांडार जन्मभर उघडून दाखवी, तेंच येथें बंद राहिलें आहे.

तथापि एक खूण दिसते असें मला वाटतें. १७३६ त बाजीरावानें बादशहाकडे ज्या मागण्या धाडल्या, त्यांत माळव्याच्या सुभ्याबरोबर मथुरा, प्रयाग, काशी व गया हीं क्षेत्रें आपल्या हवालीं करावीं अशीही एक मागणी होती. क्षेत्रें मुक्त करण्याचा मनोरथ मराठ्यांत जुना आहे. तो या यात्रेनेंच जन्मास आला असें कोणी म्हणूं नये. पण आई ज्या चार ठिकाणीं नुकतीच जाऊन आली त्याच चार ठिकाणांचीं नांवें मुलगा बादशहाला लिहितो, हा नुसता योगायोग मानण्यास माझें मन तयार होत नाहीं. पेशव्याच्या आईला वाटेंत सरदार सामोरे आले. साध्या यात्रेकरूला जकातदार सामोरा येई. प्रयागास व गयेस कर भरल्यावांचून स्नान-श्राद्ध घडत नसे. आईला मिळालेली वाट सर्वांना मिळावी, असा त्या मागणीचा एक अर्थ होतो. ती पुरी झाली नाहीं. १७३७ च्या मार्चांत बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकला तरी क्षेत्रें हातीं आलीं नाहींत. यात्रेकरूंचा कर पुढें इंग्रजांनींही चालूं ठेविला, आणि तो सुटण्यास १८४० साल उजाडावें लागलें.

या यात्रेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राधाबाई १७५३ त वारल्या. त्यानंतर सात वर्षांनीं, १७६० त, सदाशिवराव भाऊ उत्तरेकडे निघाले तेव्हां फौजेबरोबर बायका, म्हातारीं माणसें, यात्रेकरू असे हजारों जीव निघाले. एवढी मोठी फौज जात आहे, तिच्या आश्रयानें मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी घडेल, असा सर्वांचा हिशोब. स्वतः भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई बरोबर होत्या. तरुण नाना फडणीस आई व पत्नी यांना घेऊन त्याच आशेनें गेला. ऑक्टोबरांत कुंजपुरा घेतल्यावर फौज कुरुक्षेत्राकडे वळली होती. तेवढ्यांत अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि परतीची वाट बंद झाली. १४ जानेवारी १७६१ ला पानपतावर काय झालें तें सांगावयास नको. त्या पळापळींत नानाची आई गेली. ज्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत अशा किती आया गेल्या, त्याची गणती नाहीं.

तेंच कुरुक्षेत्र, तीच इच्छा, तेंच राज्य आणि जवळजवळ तेंच कुटुंब. पंचवीस वर्षांत फरक काय पडला? राधाबाई फौजेबरोबर गेल्या नव्हत्या. त्या शत्रूंच्या शब्दावर गेल्या, यजमानांच्या छपराखालीं राहिल्या, पावसाचें वेळापत्रक पाळून चालल्या. लढाई वेगळी आणि यात्रा वेगळी असा विवेक त्या वेळीं सुटला नव्हता. १७६० त दोन्ही एका दोरीला बांधलीं गेलीं. फौजेचा पाय यात्रेनें जड झाला आणि यात्रेची सुरक्षितता फौजेच्या नशिबावर टांगली गेली. तलवारीच्या जोरावर मिळविलेली पत ही तलवारीच्या आश्रयाहून निराळी वस्तु आहे, हें मधल्या पिढीच्या ध्यानांतून गेलें. पहिली नसलेल्या ठिकाणींही काम करते. दुसरी असेल तेथवरच पुरते. राधाबाई सुखरूप परतल्या म्हणूनच पुढच्यांना ही वाट सोपी वाटली असेल काय? असेलही. वडीलमाणसांची सुखरूप यात्रा ही घरांतल्या मुलांना धीर देते, पण ती कशी सुखरूप झाली हें सांगावयाचें कोणी तरी विसरतें.

एखाद्या राज्याचें सामर्थ्य मोजावयाचें तर आपण किल्ले मोजतों, घोडदळ मोजतों, खंडणीचे आंकडे मांडतों. मला आतां आणखी एक माप सुचतें: त्या राज्यांतली म्हातारी बाई किती दूर जाऊन सुखरूप घरीं येऊं शकते? १७३५ त पेशव्याची आई गयेपर्यंत जाऊन येऊं शकली, हें मराठी राज्याच्या वैभवाचें मोठें प्रमाण आहे. आणि तसें जाणें त्या काळीं पेशव्याच्या आईलाच शक्य झालें, हें त्या वैभवाच्या अपुरेपणाचेंही प्रमाण आहे.

माझ्या आजीला कोणी राजा सामोरा आला नाहीं. तिच्याजवळ एक वळकटी, एक पितळी डबा आणि पदराच्या गांठींत थोडे पैसे होते. सोबतीला शेजारच्या दोन बायका. ती पुण्याहून काशीस दोन दिवसांत पोंचली, आणि महिन्याभरांत घरीं परत आली. वाटेंत कोणीं पाणी दिलें याची तिला जन्मभर आठवण राहिली. वाट मोकळी होती याची मात्र तिला आठवण नव्हती. कारण वाट मोकळीच असते, असें ती समजत होती. तिला तसें समजतां आलें, हें केवढें भाग्य, तें राधाबाईंची यात्रा वाचल्यावर मला कळलें.